शंभर रुपये घ्यायला किती रुपये लागतात? रोख, यूपीआय आणि कार्डाचा खर्च मोजायची रीत

दापोलीहून हर्णैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. काजूगर, आमसुलं, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, आणि मागच्या बाजूला झाकणबंद डब्यांत सोडे नि सुकट. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या गाड्या दारात लागतात. जुलैत दिवसभरात दहा गिऱ्हाइकं आली तरी बरं वाटतं. कार्डाचं मशीन घेतलं तेव्हा सासरे म्हणाले होते, "बँक बसल्या जागी दोन टक्के नेणार." मलाही कितीतरी दिवस तसंच वाटत होतं. रोख म्हणजे फुकट, कार्ड म्हणजे भुर्दंड आणि यूपीआयला तर काहीच पडत नाही. मग एका मे महिन्यात सगळं वहीत मांडलं आणि पुन्हा जुलैत मांडलं. दोन्ही महिन्यांची उत्तरं इतकी वेगळी निघाली, की तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक दुकानदाराच्या मागे लागते: टक्का ऐकीव धरू नका, स्वतःच्या गल्ल्यावर मोजा.

ती मोजायची रीत इथे सांगते. हॉटेल, किराणा, कापड, होमस्टे, कशालाही ती चालेल. पंधरा दिवस लागतील आणि एक शंभर पानी वही.

आधी "कार्ड" हा शब्द फोडा

आपण "कार्डाला दोन टक्के" म्हणतो तिथेच हिशेब चुकतो. दुकानदाराच्या खात्यात पैसे जमा करताना बँक जो टक्का कापून घेते त्याला एमडीआर म्हणतात, आणि तो कार्डाच्या जातीप्रमाणे बदलतो.

रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. तो सरकारी नियमच आहे. बँकेची मेहेरबानी समजून गप्प बसायचं कारण नाही, रुपे डेबिटवर कपात दिसली तर परत मागायची.

इतर डेबिट कार्डांवर, म्हणजे व्हिसा आणि मास्टरकार्ड, रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. १ जानेवारी २०१८ पासूनचा नियम असा: मागच्या आर्थिक वर्षात तुमची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर स्वाइप मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला कमाल १,००० रुपये. इथे बरेच जण फसतात. दुकान लहान असूनही बँकेच्या नोंदीत ते मोठ्या गटात पडलेलं असतं आणि दुपटीहून जास्त टक्का वर्षानुवर्षं जात राहतो. मशीन घेताना फॉर्मवर उलाढालीचा आकडा कुणी लिहिला, काय लिहिला, हे एकदा शाखेत जाऊन बघाच.

क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तो दर बँक आणि तुमच्यातल्या करारावर ठरतो. दीड ते अडीच टक्क्यांच्या मधे कुठेतरी तो बहुतेकांचा असतो. परदेशी कार्ड आणि कंपन्यांची खास कार्डं त्याहून महाग पडतात. म्हणजे "कार्डाला दोन टक्के" हे वाक्य खरं तर फक्त क्रेडिट कार्डाचं आहे.

या टक्क्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पण एका व्यवहारात २,००० रुपयांपर्यंतची रक्कम कार्डाने आली असेल तर त्या सेवेवर जीएसटी माफ आहे. बँकेऐवजी पेमेंट अ‍ॅग्रिगेटर कंपनीचं, म्हणजे बँक आणि दुकानदाराच्या मधे राहून पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीचं, मशीन असलं तरी ही माफी लागू होते, हे डिसेंबर २०२४ मधल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर स्पष्ट झालं. आपल्याकडची बरीच बिलं दोन हजारांच्या आतली, तेव्हा ही ओळ आपल्या कामाची आहे.

पंधरा दिवसांची वही

वहीच्या पानावर पाच रकाने आखा: रोख, यूपीआय, रुपे डेबिट, इतर डेबिट, क्रेडिट. रात्री दुकान बंद करताना प्रत्येकाची एकूण रक्कम आणि बिलांची संख्या लिहा. मशीनच्या दिवसअखेरच्या चिठ्ठीवर किंवा अ‍ॅपवर कार्डांची विभागणी मिळते. कधी फक्त व्हिसा-मास्टर-रुपे एवढंच दिसतं, डेबिट की क्रेडिट ते दिसत नाही. मग महिन्याचं स्टेटमेंट मागवा, त्यात प्रत्येक व्यवहारासमोर कापलेली रक्कम असते. कपात भागिले व्यवहाराची रक्कम, की टक्का आला, आणि टक्क्यावरून कार्डाची जात कळली.

पानाच्या खालच्या बाजूला तीन ओळी वेगळ्या ठेवा. पैसे मोजायला आणि मिळवणीला किती मिनिटं गेली. सुट्ट्यांपायी किती सोडले. गल्ला किती कमी-जास्त आला. शेवटची ओळ लिहायला लाज वाटते, कारण घरचंच माणूस गल्ल्यावर बसलेलं असतं. तरी लिहा. घाईत शंभराच्या जागी दोनशेची नोट परत जाते, त्यात कुणाची लबाडी नसते. मे महिन्यातली गर्दी आणि दुपारचा उकाडा, एवढं पुरतं.

पंधरा दिवस निवडताना एक काळजी घ्या. फक्त गणपतीचे किंवा फक्त शिमग्याचे दिवस धरू नका. चाकरमानी येतात तेव्हा रोखीचं आणि यूपीआयचं प्रमाणच पालटतं, आणि त्या पंधरवड्यावर वर्षाचा निर्णय बेतला तर तो चुकेल.

रोखीचा खर्च, जो कुणी कापून नेत नाही

कार्डाची कपात छापील दिसते म्हणून टोचते. रोखीची कपात आपण स्वतःच थोडी थोडी देतो, म्हणून ती दिसत नाही. माझ्या मे महिन्याच्या हिशेबाच्या धर्तीवर गोळाबेरीज केलेलं उदाहरण घेऊ. महिन्याची विक्री ४ लाख, त्यातली रोख १ लाख २० हजार.

मोजणी आणि मिळवणी रोज वीस मिनिटं, महिन्याचे दहा तास. मदतनिसाची हजेरी आठ तासांना ५०० रुपये धरली तर हे ६२५ रुपये. बँकेत भरणा करायला महिन्यात आठ खेपा, रांगेसकट प्रत्येकी सव्वा तास, पुन्हा दहा तास, पुन्हा ६२५. पेट्रोल प्रत्येक खेपेला ४० प्रमाणे ३२०. सुट्टे नाहीत म्हणून सोडलेले रोज सहा रुपये, महिन्याचे १८०. गल्ल्यातली तूट ३००. फाटकी किंवा खोटी निघालेली एखादी शंभराची नोट, १००. बेरीज २,१५०. एक लाख वीस हजारांवर हे १.८ टक्क्यांच्या जवळ जातं.

आता या आकड्यावर मी स्वतःच एक शंका घेते, आणि तुम्हीही घ्या. त्या वीस तासांची किंमत धरायची का? मे महिन्यात धरायचीच, कारण मी भरण्याच्या रांगेत उभी असते तेव्हा दारात दोन गाड्या थांबून निघून गेलेल्या असतात. जुलैत तसं काही नसतं. दापोलीत दुसऱ्या कामाला जायचंच असतं, त्याच खेपेत भरणा होतो, आणि मोजणी संध्याकाळी पाऊस बघत होते. तेव्हा जुलैतल्या पंचवीस हजारांच्या रोखीवर माझा खरा खर्च दीडशेच्या आसपास येतो, म्हणजे ०.६ टक्के. तेच दुकान, तीच रोख, आणि खर्च एक तृतीयांश.

वेळ सोडून उरलेल्या गोष्टींवर थोडं बोलायला हवं, कारण त्यातलं बरंच वाचवता येतं.

हर्णैचं बंदर जवळ असल्याने आमच्याकडे ओल्या नोटा फार येतात. लिलावातून, मासळीच्या पाट्यांवरून आलेल्या, खारट, एकमेकींना चिकटलेल्या. पैसे भरायचं मशीन त्या परत ढकलतं. अशा नोटा वर्तमानपत्रात पसरून सावलीत वाळवा, उन्हात नको, त्या आखडतात. मळक्या आणि फाटक्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात. तिथे खातं असायची गरज नाही, आणि दिवसाला २० पर्यंत नोटा, एकूण ५,००० रुपयांपर्यंतच्या, असतील तर त्यासाठी आकार लागत नाही. तेव्हा "ही नोट चालणार नाही" म्हणून गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा वेगळी पिशवी ठेवा आणि महिन्यातून एकदा शाखेत द्या. खोटी नोट मात्र बँक जप्त करते आणि भरपाई काही देत नाही, म्हणून पाचशेची नोट घेताना दोन क्षण थांबायलाच हवं.

दहाच्या नाण्याबद्दल अजून गैरसमज ऐकू येतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं, की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने कायदेशीर चलन आहेत. ती नाणी घ्या. आमच्याकडे सुट्ट्यांचा अर्धा प्रश्न त्यांनीच सुटला.

चालू खात्यात दर महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत रोख भरणा मोफत असतो, त्यापुढे बँक आकार लावते. मर्यादा प्रत्येक बँकेची निराळी. हंगामात ती ओलांडली जाते आणि आकार खात्यातून परस्पर जातो. पासबुकात तशी ओळ आहे का ते बघा आणि असेल तर रोखीच्या खर्चात मिळवा.

कार्डाच्या मशीनचा खर्च: टक्का कमी, भाडं जास्त

त्याच मे महिन्यात कार्डावर ६० हजार आले असं धरू. क्रेडिट ४० हजार, व्हिसा-मास्टर डेबिट १२ हजार, रुपे डेबिट ८ हजार. वर्षाची उलाढाल २२ लाख, म्हणजे डेबिटचा वरचा दर.

क्रेडिटवर १.८ टक्क्यांनी ७२० रुपये. डेबिटवर ०.९० टक्क्यांनी १०८. रुपेवर शून्य. बेरीज ८२८. निम्मी रक्कम दोन हजारांवरच्या बिलांची धरली तर जीएसटी ७५. आतापर्यंत ९०३, म्हणजे दीड टक्का. वाईट नाही. आता मशीनचं भाडं: महिन्याला ४०० अधिक जीएसटी, ४७२. एकूण १,३७५. साठ हजारांवर २.३ टक्के.

आणि जुलै? कार्डाची विक्री ४ हजार. कपात फक्त ६३ रुपये, बिलं सगळी लहान म्हणून जीएसटीही नाही. पण भाडं तेच ४७२. एकूण ५३५. चार हजारांवर हे १३ टक्क्यांहून जास्त होतं. काजूवर एवढा नफाही सुटत नाही.

कोकणातल्या दुकानदाराने लक्ष द्यायची जागा ही आहे. शहरातलं दुकान बारा महिने सारखं चालतं, त्याला भाडं जाणवत नाही. आपलं दुकान चार महिने पावसाच्या पागोळ्या मोजतं आणि भाडं मात्र बारा महिने जातं. वर्षाला तीन लाख कार्डावर येत असतील तर दीड टक्क्याने कपात साधारण ४,५०० रुपये, आणि भाडं ५,६६४. बँकेशी टक्क्यासाठी भांडण्यात आपण सगळा जोर लावतो, आणि मोठी रक्कम भाड्यात निघून जाते.

म्हणून मशीन घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या: भाडं किती आणि ते कुठल्या उलाढालीवर माफ होतं. महिन्याची किमान उलाढाल गाठली नाही तर वेगळा दंड आहे का. मशीन परत केलं तर किती महिन्यांचं भाडं भरावं लागेल. पावसाळ्यात मशीन तात्पुरतं बंद ठेवता येतं का. कागदाचे रोल, सिमकार्ड, बसवण्याचा आकार यांतलं काय तुमच्यावर आहे. आमच्या पहिल्या मशीनच्या वेळी किमान उलाढालीची अट मी वाचली नव्हती. सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये तीन महिन्यांचा दंड एकदम दिसला आणि करारावर माझीच सही होती. दुसऱ्या वेळी मी भाडं नसलेलं, पण टक्का थोडा चढा असलेलं मशीन मागून घेतलं. तीन लाखांवर अर्धा टक्का जास्त म्हणजे दीड हजार रुपये, आणि भाड्याचे साडेपाच हजार वाचले. ज्यांची कार्डाची उलाढाल वर्षाला दहा-बारा लाखांच्या पुढे आहे, त्यांना मात्र उलटं परवडेल: भाडं द्यावं आणि टक्का कमी करून घ्यावा.

टक्का विक्रीवर कापतात, तुम्ही जगता नफ्यावर

वर काढलेला २.३ टक्का विक्रीवरचा आहे. काजूगरावर दहा टक्के सुटत असतील तर तो तुमच्या नफ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. घरच्या आगळावर तीस टक्के सुटत असतील तर तेराव्या हिश्श्याच्या आसपास. कार्ड एकच, पण एका मालावर डोईजड आणि दुसऱ्यावर किरकोळ. तेव्हा वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या दहा मुख्य जिनसांचा सुटणारा टक्का लिहून ठेवा.

मग खरा प्रश्न येतो: कार्ड नसतं तर ही विक्री झाली असती का? एखादं कुटुंब सहा हजारांचे काजू घेतं आणि क्रेडिट कार्डच पुढे करतं. कपात १०८, जीएसटी १९, म्हणजे १२७ गेले. सहाशेच्या नफ्यातले ४७३ उरले. ते गिऱ्हाईक कार्डाशिवाय निघून जाणार असेल तर ४७३ ही कमाईच आहे. पण त्याच खिशात फोन असेल आणि यूपीआयने तो तितक्याच आनंदाने देणार असेल, तर १२७ रुपये न विचारल्यामुळे गेले. आम्ही क्यूआर गल्ल्याच्या अगदी समोर, डोळ्यांच्या उंचीला लावला आणि मशीन गल्ल्याच्या खणात ठेवलं. कुणी मागितलं की लगेच काढतो, कुणाला नाही म्हणत नाही. एवढ्या बदलाने कार्डाचा वाटा कमी झाला.

कार्डावर गिऱ्हाइकाकडून वर दोन टक्के घेणं मात्र करू नका. डेबिट कार्डाचा एमडीआर गिऱ्हाइकावर टाकू नये हे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलेलं आहे, आणि क्रेडिट कार्डाबाबत तुमच्या करारात बहुधा तीच अट असते. शिवाय तारकर्लीपर्यंत फिरून आलेलं गिऱ्हाईक हे घरी जाऊन चारजणांना सांगतं.

यूपीआय: पैशाने स्वस्त, पण लक्ष मागतं

मे महिन्यात २ लाख २० हजार यूपीआयवर, साउंडबॉक्सचं भाडं सव्वाशे धरलं तर ०.०६ टक्के. याच्या जवळपासही दुसरं काही येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये यूपीआयवर टक्का बसणार अशी बातमी पसरली तेव्हा अर्थ मंत्रालयाने तिचा जाहीर इन्कार केला. त्यामुळे सध्या तरी हीच सर्वांत स्वस्त वाट.

तरी कधीकधी यूपीआयच्या जमेतूनही थोडे रुपये कापलेले दिसतात आणि दुकानदार गोंधळतो. त्याची दोन कारणं असतात. एक, गिऱ्हाइकाने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असतं. त्याच क्यूआरवर ते चालतं, पण मागे ते क्रेडिट कार्डच असतं. लहान दुकानदारांना २,००० रुपयांपर्यंत त्यावर आकार नाही, पुढे आहे. दुसरं, पैसे बँक खात्याऐवजी वॉलेटमधून आलेले असतात, आणि २,००० च्या वरच्या अशा व्यवहारावर आकार लागू शकतो. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ही कपात वेगळी काढा आणि ती क्रेडिटच्या रकान्यात टाका.

आणखी तीन गोष्टी, ज्या मी किंमत मोजून शिकले.

क्यूआर दुकानाच्या नावाचा, व्यापारी खात्याचा घ्या. सुरुवातीला माझ्या बचत खात्याचा वैयक्तिक क्यूआर लावला होता. वर्षअखेरीला घरचे पैसे कुठले आणि दुकानाचे कुठले हे काढायला आठवडा गेला.

फोनचा पडदा बघून माल देऊ नका. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या गर्दीत एकाने हिरवी खूण दाखवली, मी मान हलवली, आणि अठराशे रुपये कधी आलेच नाहीत. साउंडबॉक्सने रक्कम बोलली किंवा आपल्या अ‍ॅपवर जमा दिसली, तरच पिशवी हातात द्यायची. आवाज ऐकू येत नसेल तर गल्ल्याजवळचा पंखा हळू करा, पण हा नियम मोडू नका. रोज सकाळी क्यूआरवर दुसरा कागद चिकटवलेला नाही ना तेही बोटाने चाचपा.

तिसरी गोष्ट जास्त त्रासाची. कुणीतरी फसवणुकीचे पैसे तुमच्याकडे खरेदीत वापरले, तर तपासात तुमच्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातंच, गोठवलं जाऊ शकतं. मोठ्या खरेदीचं बिल नावानिशी फाडलेलं असेल तर आपली बाजू मांडता येते. पाच हजारांवरच्या प्रत्येक यूपीआय विक्रीला मी बिल करते, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. आणि सगळी रक्कम एकाच खात्यात साठू देत नाही, आठवड्याला दुसऱ्या बँकेच्या खात्यात वळवते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा, पहिले काही तास मोलाचे असतात.

कराची भीती हिशेबात कशी धरायची

रोखच बरी, यूपीआयचं सगळं सरकारला दिसतं, हे गल्लोगल्ली ऐकू येतं. २०२५ च्या जुलैत कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून जास्तच. मला वाटतं ही भीती नीट समजून घेतली तर निम्मी उतरते.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, सेवा देणाऱ्याला २० लाख. ही मर्यादा रोख धरूनच आहे. यूपीआयने ती बदलत नाही. आपल्या भागात खरी अडचण वेगळी आहे: एकाच पॅनवर दुकानही आणि मागे दोन खोल्यांचा होमस्टेही. मग तुम्ही "फक्त माल" विकणारे उरत नाही, आणि ४० लाखांच्या भरवशावर राहिलात तर २० लाखांनाच अडकता. असं असेल तर वही घेऊन सीएकडे जा, आजच.

आयकरात उलट सवलत आहे. अंदाजे उत्पन्नाच्या पद्धतीने विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्याच्या रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या विक्रीवर ६ टक्के. २२ लाखांवर हा फरक ४४ हजारांच्या उत्पन्नाचा. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नसल्याने अनेकांना प्रत्यक्ष कराचा फरक पडणारही नाही. पण बँकेत आलेल्या विक्रीचा मला एक फायदा नक्की झाला: काजू हंगामात एकदम घ्यायला कर्ज हवं होतं, तेव्हा शाखेत मी बारा महिन्यांचं स्टेटमेंट ठेवलं आणि तोंडी काही पटवावं लागलं नाही. आणि रोखीचे दोन नियम पाठ ठेवा. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही. आणि अंदाजे उत्पन्नाऐवजी नेहमीच्या पद्धतीने हिशेब ठेवत असाल तर एकाच पुरवठादाराला दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही.

आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, याद्यांत ही यादीही घाला

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत वीज आठवड्यांनी आली, मोबाइलचे मनोरे मुके झाले होते. त्या दिवसांत ज्याच्या गल्ल्यात सुट्टे होते त्याचंच दुकान चाललं. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं, आणि तिथे गल्ल्यातली रोकडही चिखलात गेली. दोन्ही आठवणी मी एकत्र ठेवते, कारण त्यातून एकाच वाटेवर विसंबायचं नाही एवढं कळतं.

मे संपता संपता आम्ही हे करतो. दहा-वीसच्या नोटा आणि नाणी मिळून चार-पाच हजार, दोन प्लास्टिकच्या घट्ट डब्यांत, एक दुकानात आणि एक माळ्यावर. गल्ल्यात रात्री दोन हजारांच्या वर ठेवायचं नाही. साउंडबॉक्समध्ये ज्या कंपनीचं सिम आहे, त्याहून वेगळ्या कंपनीचं सिम फोनमध्ये. दुकानाच्या विम्यात गल्ल्यातली रोकड धरली आहे का, आणि किती, हे पॉलिसीच्या कागदावर बघून घ्यायचं. नेटवर्क गेलं तर ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी उधारीची वही, आणि त्यात तारखेसोबत सही.

शेवटी कार्डाचं मशीन. भाड्याचं असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यात बँकेला लेखी अर्ज द्या: जून ते सप्टेंबर भाडं माफ करा किंवा मशीन परत घ्या. अर्जासोबत मागच्या पावसाळ्यातल्या चार महिन्यांची कार्डाची उलाढाल जोडा, ती वहीत आहेच. पोच घ्या. चुकीचा टक्का किंवा रुपेवरची कपात दिसली असेल तर त्याच अर्जात परतावा मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही, आणि १४४४८ वर फोन करून माहिती मिळते. आमचं मशीन भाड्याचं होतं तेव्हा शाखेने पहिल्या वर्षी अर्जाला नकार दिला. दुसऱ्या वर्षी तोच अर्ज, वहीच्या पानांच्या झेरॉक्ससह दिला, आणि चार महिन्यांचं भाडं माफ झालं.